अगरूचा हिवाळा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या ताईने माझ्यापुढे एक फिर्याद आणली. आरोपी तिचाच एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि मुद्देमाल म्हणून तिने टेबलावर ठेवली ती एक ध्वनिमुद्रिका. मुलगा खोलीचे दार लावून तासन्‌तास हेच ऐकतो, जेवायला तीनतीनदा हाक मारावी लागते, बोलणे कमी झाले आहे, असे तिचे म्हणणे. "अरे, पहिल्या गाण्याचे नावच वाच," ती म्हणाली. नावाचा अर्थ होता, 'मानवाच्या मृत्यूचा सोहळा'. प्रथमदर्शनी इतका प्रतिकूल पुरावा मी वकिलीत क्वचितच पाहिला असेन. परंतु ऐकून घेतल्यावाचून निकाल देणे आमच्या व्यवसायात बसत नाही. म्हणून मुद्देमाल ठेवून घेतला आणि रात्री कामकाज आटोपल्यावर ऐकू लागलो. त्याला आता दोन महिने झाले. निकाल ताईला तोंडी सांगितला आहेच. त्याची कारणे मात्र जरा लांबलचक आहेत, आणि असा मुलगा केवळ आमच्याच घरी आहे असे नसल्यामुळे ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटतात.

मुद्रिकेचे नाव 'द मँटल'. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी राहणाऱ्या 'अगॅलॉक' नावाच्या वाद्यवृंदाने ती २००२ साली काढली. तेव्हा ही मंडळी नवखी होती. १९९९ सालची 'पेल फोकलोर' एवढी एकच पूर्ण लांबीची मुद्रिका त्यांच्या नावावर होती. जॉन हॉम हा गातो, गिटार वाजवतो, आणि ह्या मुद्रिकेवरचे ड्रमही त्याचेच. डॉन अँडरसन गिटारवर आणि जेसन वॉल्टन बेसवर. पुढे आणखी तीन मोठ्या मुद्रिका काढून २०१६ साली हा वृंद मोडला आणि २०२३ साली पुन्हा एकत्र आला. त्या पुढच्या इतिहासाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. नवोदितांची दुसरी कृती म्हणूनच तिचा विचार करणे योग्य, कारण तिचे गुण आणि तिचे दोष हे दोन्ही नवोदितांचे आहेत.

ज्यांच्या कानावर हा प्रकार आला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. १९७० साली बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरातून ब्लॅक सॅबथ ह्या मंडळींनी गिटारचा स्वर जाड, काळा आणि संथ करून 'हेवी मेटल' ह्या संप्रदायाचा पाया घातला. त्याच सुमारास इंग्लंडातच किंग क्रिमझनसारख्या वृंदांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली आणि दीर्घ, अनेक खंडांच्या रचना बांधल्या. त्याला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणू लागले. पुढे १९९० नंतर नॉर्वेतल्या तरुणांनी काळोख, अरण्य आणि हिम हे विषय घेऊन एक कर्कश, करकरीत उपपंथ काढला. त्यातच उल्वर ह्या वृंदाने १९९५ साली 'बर्गतात'मध्ये लोककथा आणि साध्या गिटारचा नाद आणून त्या कर्कशपणाला एक हळवी किनार दिली. अगॅलॉकमध्ये हे तिन्ही ओघ एकत्र येतात. त्याला नेमके कोणत्या खणात टाकावे ह्याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. दाव्याचा प्रकार कोणता ह्यावरच वर्षानुवर्षे युक्तिवाद चालावा आणि मूळ प्रकरण बाजूला राहावे, तशातला तो वाद. मी त्यात पडत नाही.

वृंदाच्या नावापाशी मात्र थांबले पाहिजे. अगॅलॉक म्हणजे आपला अगरू. ग्रीकांनी 'अगॅलॉखॉन' म्हटले ते ह्याच सुगंधी लाकडाला, आणि तो शब्द आपल्या 'अगुरु'च्या कुळातला. आसामच्या रानातल्या ह्या झाडाचे निरोगी लाकूड फिके आणि गंधहीन असते. त्याला जखम होऊन बुरशी शिरली म्हणजे ते आपल्या रक्षणासाठी काळसर राळ स्रवते, आणि सारा सुगंध त्या रोगट भागात असतो. 'अ-गुरु' म्हणजे जड नव्हे ते, अशी ह्या शब्दाची फोड सांगतात. उत्तम अगरू पाण्यात बुडतो, तेव्हा फोड काही खरी नसावी. पण 'हेवी' म्हणवणाऱ्या संगीताच्या कर्त्यांनी 'जड नव्हे' असे नाव धारण करावे ही गंमत त्यांना स्वतःला तरी ठाऊक होती की नाही, कोण जाणे! कालिदासाने 'ऋतुसंहारा'त हेमंताचे वर्णन करताना स्त्रिया काळ्या अगरूच्या धुपाने केस सुगंधित करतात असे सांगितले आहे. म्हणजे अगरू आणि हिवाळा ही जोडी आपल्याकडे फार जुनी. पोर्टलंडच्या पोरांनी ती नकळत पुन्हा जुळवली.

जोडी तीच, पण हिवाळा तो नव्हे. कालिदासाचा हेमंत हा उबेचा ऋतू आहे. बाहेर गारठा आहे म्हणून आतली शय्या, धूप आणि सहवास ह्यांना गोडी. आपलाही हिवाळा तसाच. बेळगावात धुके, शेकोटी आणि शेतावरचा हुरडा. गोव्यात जत्रा आणि रात्र रात्र चालणारी नाटके. थंडी हे आपल्याला माणसे जवळ येण्याचे निमित्त. मराठीत हिवाळ्याला दुसरा चेहरा दिला तो मर्ढेकरांनी. १९३९ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला तो 'शिशिरागम' ह्या नावाने. नवा कवी आपले आगमन पानगळीच्या नावाने जाहीर करतो ह्याचे तेव्हा काहींना नवल वाटले असेल. तारुण्याला वसंत शोभतो हा समज म्हाताऱ्यांचा असतो. तरुण माणसाला स्वतःच्या एकाकीपणाइतके मोठे काही भेटलेले नसते, आणि त्या एकाकीपणाला शिशिरासारखा पोशाख दुसरा नाही.

'मँटल' म्हणजे पोशाखच. अंगावर ओढायचा झगा. भूगोलात पृथ्वीच्या कवचाखालच्या थरालाही तेच नाव आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला 'प्रावरण' म्हणतात. प्रावरण म्हणजेही पांघरूणच. इंग्रजीतला श्लेष मराठीत असा जसाच्या तसा उतरावा हा सुखद योगायोग. पृथ्वीवर पसरलेले हिम आणि माणसाने दुःखावर ओढलेले पांघरूण, हे दोन्ही अर्थ मुद्रिकेत बरोबरीने चालतात.

आता मुखपृष्ठ पाहा. करड्या, धुरकट छायाचित्रात शिंगे उभारलेला एक एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद, उभा आहे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो अरण्यातला प्राणी समजलो. तो पुतळा आहे! पोर्टलंड शहराच्या भर वस्तीत १९०० साली रोलंड हिंटन पेरी ह्या शिल्पकाराने घडवलेला ब्राँझचा एल्क, पायाशी घोडागाडीच्या जनावरांसाठी पाण्याची दोणी. २०२० सालच्या निदर्शनांत चौथऱ्याची मोडतोड झाल्यामुळे तो हलवावा लागला, ही नंतरची गोष्ट. मुद्दा असा की निसर्गाचा महिमा गाणाऱ्या आणि माणसाच्या मृत्यूचा सोहळा मांडणाऱ्या ह्या मंडळींनी दारावर चितारला तो माणसाने ओतलेला, माणसाच्या रस्त्यावर उभा केलेला प्राणी. दुसरी गोष्ट. पोर्टलंडचा हिवाळा हा प्रामुख्याने पावसाचा हिवाळा आहे. तेथे हिम पडते ते थोडे. खरे हिम दिसते ते शहराच्या पूर्वेला, आकाश मोकळे असेल त्या दिवशी, तीन हजार चारशे मीटरहून उंच अशा माउंट हूडच्या माथ्यावर.

माझ्या मते ह्या मुद्रिकेची किल्ली येथे आहे. हा हिवाळा रानात राहणाऱ्याचा नाही. ओल्या रस्त्यावरच्या खोलीत बसून, खिडकीतून दूरचा पांढरा डोंगर पाहणाऱ्या नागरी तरुणाचा तो हिवाळा आहे. निसर्ग आपला होता, आता नाही, आणि पुन्हा होणार नाही, ही त्यातली वेदना. तिसऱ्या रचनेचे नावच 'ओडल' आहे. ओडल म्हणजे नॉर्वेच्या प्राचीन कायद्यातला वंशपरंपरागत जमिनीचा हक्क. तो कायदा तेथे आजही जिवंत आहे. मिरासीचे कज्जे चालवलेल्याला किंवा गोव्यातली गावकारी ठाऊक असलेल्याला ह्या शब्दाचे वजन समजावून सांगायला नको. त्या नावाखाली मात्र एकही शब्द गायलेला नाही. साडेसात मिनिटे वाद्येच बोलतात. ज्याची जमीन गेली आहे त्याने हक्काचा शब्द उच्चारावा आणि पुढे गप्प बसावे, तसे ते वाटते. हिम न पाहिलेल्या माझ्यासारख्याने हे संगीत ऐकावे काय ही शंका मला प्रथम होती. हे ध्यानी आल्यावर ती गेली. आम्ही दोघेही हिमापासून दूर आहोत. अंतर कमीअधिक, एवढेच.

रचनेकडे वळतो. एकूण नऊ तुकडे, मिळून अडुसष्ट मिनिटे. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा केवळ वाद्यांचे; दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा गायनाचे; नववा निराळा, त्याच्याकडे शेवटी येऊ. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्या'त संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली आहेत. त्यांचा आधार घ्यायचा तर येथे माणसाचा आवाज आणि त्या आवाजाची अनुपस्थिती ह्यांची विरोधलय संपूर्ण मुद्रिकेला धरून ठेवते. माणूस येतो, ओरडतो, जातो. मग नुसते रान उरते. पुन्हा माणूस. पहिल्या आणि आठव्या तुकड्यांची नावे जोडली तर एकच वाक्य तयार होते: मानवाच्या मृत्यूचा सोहळा, आणि पृथ्वीचा महान, थंड मृत्यू. पहिल्यातली साध्या गिटारची धून आठव्यात परत भेटते. मध्ये तासभर लोटलेला असतो, म्हणून ती ओळखीची वाटूनही तीच वाटत नाही.

पाचवा तुकडा 'द लॉज'. त्यात हॉमने हरणाच्या कवटीवर आणि शिंगांवर ठेका धरला आहे. हे वाचून मी दचकलो होतो. ऐकताना मात्र ती हौस वाटली नाही. कोरडा, लहान, टकटक असा तो आवाज. बंद घरात रात्री लाकूड तडकावे तसा.

पण मुद्रिकेचा प्राण दुसऱ्या रचनेत आहे. नावाचा आशय 'आपल्या फिकट सोबत्याच्या छायेत'. पावणेपंधरा मिनिटांची ही रचना मी किमान वीस वेळा ऐकली असेल. एक भटका दऱ्या ओलांडतो, शिखरे चढतो; सृष्टी समोर पसरलेली आहे, आणि तो विचारतो की ह्यात देव कोठे आहे.  फिकट सोबती म्हणजे चंद्र, हिम, की मृत्यू, हे शब्द स्पष्ट करत नाहीत, आणि ते न केल्याचे मला बरे वाटते. आपल्या ख्यालगायकीच्या सवयीने ऐकणाऱ्याचा येथे प्रथम विरस होईल. आपल्याकडे बढत असते. एकेका स्वराचे दार उघडत गवई पुढे सरकतो. येथे राग उलगडत नाही, थर चढतात. तळाशी साध्या तारेच्या गिटारचा झंकार अखंड चालू राहतो. त्यावर विजेच्या गिटारचा जाड, भरड स्वर येऊन बसतो. त्याच्याही वर एक एकटी सुरावट, अगदी साधी, जवळजवळ पोरकी. मेटल संगीतात साधारणपणे साधी गिटार ही प्रस्तावनेपुरती असते, मोठी आली की लहानीने उठायचे. ह्या मंडळींनी दोघींना एकाच वेळी बोलायला लावले. मोठा आवाज लहान आवाजाला गिळत नाही. हिमाखाली गवत असते असे ऐकून आहे. ते कानाने पाहायला मिळाले असे म्हणावेसे वाटते.

गळ्याबद्दल ताईची मुख्य तक्रार होती. "हे गाणे आहे की कोणी दुखण्यात कण्हते आहे?" प्रश्न रास्त आहे. हॉमचे दोन आवाज आहेत. एक खरखरीत, घशाच्या तळातून फाटून येणारा; दुसरा खालच्या पट्टीतला, स्वच्छ, काहीसा संकोचलेला. ह्या संप्रदायातले पुष्कळ गायक फाटका आवाज धमकी म्हणून वापरतात. हॉमच्या फाटक्या आवाजात दरारा नाही. थंडीने बसलेल्या गळ्याची ती कुजबुज आहे. देव कोठे आहे हा प्रश्न मात्र तो स्वच्छ आवाजात विचारतो. फाटका आवाज असह्यतेसाठी आणि स्वच्छ आवाज प्रश्नासाठी, ही वाटणी मला विचारपूर्वक केलेली दिसते. गोव्याच्या वाचकांना हे कदाचित लवकर पटेल. चर्चच्या गायनवृंदात कान तयार झालेल्या त्या भूमीत, निष्कंप स्वर हा प्रार्थनेचा आणि विदीर्ण स्वर हा शोकाचा, हे सांगावे लागत नाही.

दोष लपवणे हे टीकाकाराचे काम नव्हे, वकिलाचे असले तरी. पहिला दोष शब्दांचा. भूत, छाया, रक्त, मावळता सूर्य, मृत प्रेयसी ही सामग्री जुन्या रोमँटिक कवींच्या वखारीतली आहे आणि पुष्कळ हातांतून गेल्याने झिजली आहे. सहाव्या रचनेत प्रेयसी म्हणजे बाहुपाशातले भूत. तेथे संगीत उत्तम असूनही शब्दांमुळे मला वारंवार ओशाळल्यासारखे झाले. स्त्री येथे कोणी व्यक्ती नाही, नायकाच्या खिन्नतेचे निमित्त आहे. वयाचा दोष म्हणून तो सोडून देता येईल. पण दोष तो दोषच. दुसरा दोष सातव्या तुकड्याचा, 'द हॉथॉर्न पॅसेज'चा. हॉथॉर्न हे नाव पोर्टलंडच्या एका जुन्या पुलाचेही आहे, आणि अकरा मिनिटांचे हे वादन खरोखरच धुक्यातल्या पुलावरून चालल्यासारखे सुरू होते. मग त्यात चित्रपटांतले संवाद येतात: बेर्गमनच्या १९५७ सालच्या 'सातवी मोहोर' ह्या स्वीडिश चित्रपटातले आणि होडोरोव्स्कीच्या 'फांदो इ लिस'मधले. सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो तो बेर्गमनचा चित्रपट थोर आहे, आणि नेमके म्हणूनच माझी हरकत. ऐकीव पुरावा आम्ही सहसा दाखल करून घेत नाही. मृत्यूविषयी तुमचे जे म्हणणे असेल ते तुमच्या वाद्याने सांगा. बेर्गमनला साक्षीला बोलावले की न्यायाधीशाला वाटते, फिर्यादीकडे स्वतःचे काही नाही. येथे तर स्वतःचे पुष्कळ होते.

चौथ्या रचनेचा वेग हा संप्रदायाच्या रसिकांना प्रिय आहे. मला तो मधल्या साध्या गिटारच्या तुकड्यापुरता आवडला. त्याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

आता शेवट. आठव्या रचनेत पृथ्वी गोठून मेली. सोहळा संपला; तर्कशुद्ध कलावंत येथेच थांबला असता. हे थांबत नाहीत. नवव्या तुकड्यात विजेची वाद्ये बाजूला ठेवून एक माणूस अ‍ॅकॉर्डियन आणि मँडोलिनच्या साथीने, जवळजवळ कानात बोलावे तसा, एक उदास गाणे म्हणतो. पेला आहे, विझत चाललेली रात्र आहे, प्रेमाची तक्रार आहे. गुत्त्याच्या कोपऱ्यात चालावे असे ते लहानसे गाणे. येथे मला शूबर्टची आठवण झाली. १८२७ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने विल्हेल्म म्युलरच्या चोवीस कवितांना चाली लावून 'विंटरराइज', म्हणजे हिवाळी प्रवास, ही गीतमाला केली. प्रेमभंग झालेला तरुण हिमातून चालत राहतो, आणि शेवटी गावाबाहेर त्याला भेटतो तो बर्फावर अनवाणी उभा राहून हाताने फिरवायचे वाद्य वाजवणारा एक म्हातारा भिकारी, ज्याच्या थाळीत कोणी पैसा टाकत नाही. एवढ्या भयाण प्रवासाच्या अखेरीस उरते ते दरिद्री, रस्त्यावरचे वाद्य. अगॅलॉकच्या मंडळींनी शूबर्टवरून हे घेतले असे मी म्हणत नाही; हिवाळ्याच्या विषयात प्रामाणिकपणे शिरलेला माणूस त्याच टोकाला पोचत असावा. माणसाच्या मृत्यूचा सोहळा मांडायला बसलेल्यांना शेवटचा शब्द माणसाच्या हातातल्या मँडोलिनला द्यावा लागला. सोहळ्याच्या आमंत्रणपत्रिकेवर जे छापले होते ते मांडवात घडलेच नाही!

म्हणून ताईच्या फिर्यादीत मी आरोपीला सोडले, आणि तेही संशयाचा फायदा देऊन नव्हे. ही मुद्रिका माणसाचा द्वेष शिकवत नाही. माणसावाचून जग कसे दिसेल ते पाहण्याचा धीर ती करते, आणि पाहून झाल्यावर शेकोटीपाशी परत येते. ताईला एवढेच म्हटले की मुलगा काय ऐकतो ह्याची काळजी सोड. तो ज्याच्याशी बोलेल असा कोणी घरात आहे की नाही ते बघ. तिला ते आवडले नाही. पण दुसऱ्या रविवारी तिने मुलाच्या दारावर टकटक केली नाही; आत जाऊन बसली आणि पहिला तुकडा संपेपर्यंत उठली नाही, असे तिच्याच तोंडून कळले.

मुद्रिका परत करायला गेलो तेव्हा भाच्याला विचारले, नऊांपैकी तुझा आवडता तुकडा कोणता? माझी अपेक्षा दुसऱ्याची होती. तो जरा वेळ घोटाळला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही हसाल. 'लॉज'. तो हरणाच्या शिंगांचा. त्यात कोणी नसते, पण घर असते." मी त्याला बेर्गमनबद्दलची माझी हरकत सांगितली. ती त्याला अजिबात मान्य नाही. साक्षीदार चांगला असेल तर बोलवायला काय हरकत, असा त्याचा युक्तिवाद. पुढच्या खेपेस मी त्याला 'विंटरराइज' नेऊन देणार आहे.